प्रश्न कोणाला विचारायचा? : कुमार-कादंबरीतील प्रेमत्रिकोण

प्रेमत्रिकोण म्हणजे एकाच व्यक्तीवर दोघांचा जीव जडणे आणि त्यांतून एकाची निवड करण्याचा पेच उभा राहणे. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत हा पेच वारंवार येतो. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५) बेलापुढे एडवर्ड आणि जेकब आहेत, सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) कॅटनिसपुढे पीटा आणि गेल आहेत. मराठीत सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त (१९८२) कॉलेजवयीन श्रेयसच्या आयुष्यात शिरीन आणि मीनू अशा दोघी येतात. अशी पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत की नाहीत, हा शिक्षक-पालकांपुढचा प्रश्न आहे.

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांचे कल्याण, या प्रश्नाला जुना आधार पुरवते. विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका याच राजधानीत लिहिली. अशा शास्त्रग्रंथांत आधी आक्षेप (पूर्वपक्ष) मांडायचा, मग उत्तर (उत्तरपक्ष) द्यायचे आणि शेवटी निर्णय करायचा, अशी रीत असते. तीच येथे धरली आहे.

पूर्वपक्ष : प्रेमत्रिकोणामुळे प्रेम ही चढाओढ ठरते. ज्याच्यावर प्रेम केले जाते, ती व्यक्ती जिंकण्याची वस्तू बनते. हा दोष जुनाच आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळाची गोष्ट घ्या. मंदारवतीला तीन तरुण मागणी घालतात. ती तापाने मरते. एक तिच्या राखेवर झोपडी बांधून राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. मग ती कोणाची बायको, असे वेताळ राजाला विचारतो. राजा उत्तर देतो : जिवंत करणारा तो बाप, अस्थी नेणारा तो मुलगा, राखेजवळ राहिला तो नवरा. निवाडा चतुराईचा आहे. पण समोर जिवंत उभ्या असलेल्या मंदारवतीला कोणी काहीच विचारत नाही.

उत्तरपक्ष : आक्षेप खरा आहे, मात्र तो त्या मांडणीवर आहे. प्रश्न राजाला विचारला, तिथे चूक झाली. निवड करणाऱ्या व्यक्तीलाच तो विचारला, की कथेचा रोख पालटतो.

पूर्वपक्ष : विचारल्याचा देखावाही करता येतो. कल्याणचा दरबारी कवी बिल्हण याने ‘विक्रमांकदेवचरिता’त सहाव्या विक्रमादित्याचे चरित्र गायिले. त्यात कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे स्वयंवर आहे. एकेका राजाची ओळख ऐकत ती पुढे जाते आणि माळ विक्रमादित्याच्या गळ्यात घालते. पण तिचे मन त्याच्यावर आधीच जडलेले आहे, हे वाचकाला ठाऊक असते. बाकीचे राजे नायकाला उठाव देण्यापुरते. आजच्या कित्येक कादंबऱ्यांतला ‘दुसरा’ असाच नावापुरता असतो.

उत्तरपक्ष : म्हणूनच खरी कसोटी पाहण्यासाठी त्याच कल्याणात बाराव्या शतकात यावे लागते. शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, अनुभव मंटप या चर्चासभेत कन्नड वचनकार अक्कमहादेवी आली, तेव्हा तिच्यावर आसक्त झालेला कौशिक राजा मागे राहिला होता. तिचे त्याच्याशी लग्न झाले होते की नाही, याविषयी हरिहर आणि चामरस या कवींत एकमत नाही. तिने मात्र चेन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, पती मानले होते. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’त मंटपाचे प्रमुख अल्लमप्रभू तिची कसून परीक्षा घेतात. तुझा पती कोण? देहाची लाज सोडलीस, तर केसांनी अंग का झाकलेस? ती न डगमगता उत्तरे देते : झाकले ते पाहणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून. प्रश्न कठोर आहेत, पण ते तिला विचारलेले आहेत आणि तिची उत्तरे ऐकून घेतली जातात.

पूर्वपक्ष : तिथे एका बाजूला देव होता. सोळा वर्षांच्या मुलीपुढे वर्गातली दोन मुले असतात, आणि बहुतेकदा निवड घर आणि जात करते.

उत्तरपक्ष : देव असो की वर्गमित्र, तत्त्व एकच : कोणाची इच्छा कितीही उत्कट असली तरी तिच्यातून दुसऱ्यावर हक्क निर्माण होत नाही. कौशिकाकडे सत्ता होती, हक्क नव्हता. आणि घर निवड करते, तिथे तर मुलांना स्वतःचे मन ओळखण्याचा सराव अधिकच हवा. कॅटनिसचा निर्णयही ‘कोण अधिक देखणा’ यावर ठरत नाही. युद्धाने पोळल्यावर कोणासोबत जगता येईल, यावर ठरतो.

पूर्वपक्ष : मग नाकारल्या गेलेल्याचे काय? त्याचे दुःख खोटे नसते.

उत्तरपक्ष : दुःख खरे आहे आणि चांगली कादंबरी त्याला जागा देते. पण दुःखाचा सूड होऊ लागला, पाठलागाला निष्ठा म्हटले जाऊ लागले, की ते लेखन मुलांचे नुकसान करते.

निर्णय : प्रेमत्रिकोण हा विषय त्याज्य नाही. निवड करणाऱ्याचे मन दिसते का, ‘दोघेही नकोत’ हे उत्तर कथेला चालते का, आणि नकार मिळालेल्याचा माणूस म्हणून मान राहतो का, यावर पुस्तक जोखावे. कर्नाटकातील भालकी, औराद, आळंद या भागांतील मराठी शाळांतली मुले कन्नडही शिकतात. वेताळाची गोष्ट आणि अक्कमहादेवीची वचने या दोन्हींपर्यंत त्यांना पोहोचता येते. शिक्षकांनी ती शेजारी-शेजारी ठेवून वर्गात मोकळी चर्चा घडवावी. पुस्तक लपवून ठेवल्याने मुलांपुढचा पेच टळत नाही. त्याविषयी बोलायला माणूस मात्र उरत नाही.