शौर्यपदक आणि कर्मफल

ब्रिटिश शौर्यपदकांचा संग्रह करणारा जे मूल्य मोजतो ते धातूचे नव्हे. १८५६ साली स्थापिलेला व्हिक्टोरिया क्रॉस साध्या काशाचा असून, त्यावर कोरलेले नाव आणि त्यामागील कथा हेच त्याचे सर्वस्व होय. मग एकाच्या पराक्रमाचे फळ दुसऱ्याच्या मालकीचे होऊ शकते काय?

माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात यंत्रतोफेच्या माऱ्याखाली सापडली आणि सोबतचे सारे जवान मेले वा जायबंदी झाले, तेव्हा घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. गोळ्या भरण्यास अवधी नाही असे पाहून त्यांनी बंदुकीची नळी धरून उरलेल्या दोघा शत्रूंना दस्त्याने ठार केले, आणि तिथेच गोळ्या लागून ते पडले. त्या क्षणी त्यांच्या चित्तात सरकारी बहुमानाची वासना असेल, हे मला अशक्य वाटते. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. म्हणजे कर्त्याने फळ चाखलेच नाही. गीतेतील निष्काम कर्माचे हे उदाहरण म्हणावे, तर परकीय साम्राज्याची चाकरी आणि त्या दोघा शत्रूंचा मृत्यूही त्याच हिशेबात धरावा लागतो, आणि तो धरलाच पाहिजे.

आता ज्यांच्या वाट्याला पदकच आले नाही त्यांच्याकडे पाहू. मीरा-भाईंदरच्या हद्दीतील घोडबंदरचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. तिथे लढलेल्या सामान्य शिपायांची पदके कोणत्याही संग्रहात नाहीत. फळ नसले तरी त्यांचे कर्म घाडग्यांच्या कर्माहून तिळमात्र उणे नव्हते.