दाण्याला मोड येतो तेव्हा

ग्लास हातात येण्याआधी दाणे आले. पुण्याच्या पूर्वेला, आमच्या भागात गेल्याच महिन्यात सुरू झालेल्या ब्रुअरीत मी टळटळीत दुपारी पोचलो, तेव्हा बिअर करणारा मुलगा गमबूट घालून टाकी धूत होता. हात पुसून त्याने जवाचे मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "काका, आधी हे चावून बघा."

दाणा कुरकुरीत होता. आधी लाहीसारखा लागला, मग सावकाश गोड होत गेला, आणि ती गोडी माझ्या ओळखीची निघाली. नाचणीसत्त्वाची. आजी नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. पांढरे मोड डोकावले की सावलीत वाळवून, मंद भाजून, दळून वस्त्रगाळ करायची. जवाचा माल्ट करायचा तो असाच. ओल लागली की दाण्याला वाटतं आपण मातीत पडलो. कोंबाला पुरावं म्हणून तो पोटात साठवलेल्या पिठाचं कोठार उघडू लागतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला वाळवून थांबवायचं. पुढे साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की अडवलेलं काम पुन्हा सुरू होतं, पिठाची साखर होते.

बिअर परकी, असं मी आजवर धरून चाललो होतो. पण सौत्रामणी यागातल्या सुरेला मोड आलेलं भात आणि जव लागत; त्यांना शष्प आणि तोक्म अशी वेगवेगळी नावं होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर अख्खा अध्याय आहे आणि मेदक नावाच्या पेयासाठी पाणी, तांदूळ व किण्व यांची मापं दिली आहेत. किण्व म्हणजे दारूचं विरजणच. उलट बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत, यीस्टचं नाही. आंबवण्याचं काम जिवंत यीस्ट करतं हे मांडणारा लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ आला 1876 मध्ये. विरजण जिवंत असतं हे कौटिल्यालाही ठाऊक नसणार. तरी त्याने ते मापात धरलं, याचं मला फार मोल वाटतं.

गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास होता, मागून लवंगेचा. दोन्हींपैकी काहीच त्यात घातलेलं नव्हतं; साखर खाता खाता यीस्टने हे वास घडवले होते. मी तो ग्लास बराच वेळ नुसता नाकाशी धरून बसलो. स्टाउट करपवलेल्या जवामुळे काळी, कॉफीच्या वळणाची, चांगली. नाचणीची बिअर मला पातळ वाटली आणि तसं मी सांगितलं. लागर मिळालीच नाही. "तिला अजून तीन आठवडे," तो म्हणाला. जर्मनमध्ये लागर म्हणजे साठवण. थंडाव्यात पडून राहणं हीच तिची कृती.

पडून राहण्यावरून देवळाली आठवली. पुण्यात 2009 साली 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी निघाली आणि इथल्या क्राफ्ट बिअरची गोष्ट तिथूनच सांगतात. ते नाव देवळालीचं. चाकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत नाशिकजवळच्या त्या छावणीत राहत. जहाजं हिवाळ्यात सुटायची. हंगाम हुकला की महिनोन्महिने हाताला काम नाही आणि घरही नाही. त्यात काही जण भ्रमिष्ट होत. त्याला त्यांच्या बोलीत 'डूलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे इंग्रजीत तो शब्द थट्टेचा झाला. मला मात्र त्यात कुणाची तरी आई दूर गावी पत्राची वाट बघताना दिसते.

निघताना मुलाने मला आतल्या टाकीपाशी नेलं. टाकीतून आलेली नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली होती आणि तिच्या टोकाशी बुडबुडे फुटत होते, एकामागून एक. काटा 19 अंशांवर होता. "आंबताना ही स्वतःच तापते," तो म्हणाला, "बाहेरून गार ठेवली नाही तर चढत जाते." बोलता बोलता त्याने तळहात उलटा करून टाकीला लावला, तापल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा, आणि काटा समोर दिसत असूनही थोडा वेळ तिथेच ठेवला.