जीव लावावा आणि विकावा?



गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतील बरेच तरुण-तरुणी शेळीपालनाकडे वळले आहेत. बारावी किंवा पदवी झाली, नोकरीचा पत्ता नाही, जमीन एक-दीड एकर आणि तीही पावसावर. अशा घराला दहा शेळ्या आणि एक बोकड मोठा आधार देतात. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या नव्हेत, तर लहान घरांच्या दावणीच्या आहेत. घरात आजारपण आले, मुलीची फी भरायची आली, की आधी आठवतो तो बोकडच. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही.

युवकांच्या एका बैठकीत अशाच एका शेळीपालक तरुणाने आम्हांला विचारले, "ज्या करडाची आई व्याल्यावर मेली, त्याला मी बाटलीने दूध पाजून वाढवले. ते माझ्या मागेमागे फिरते, हाक मारली की येते. आता ते बोकड झाले आहे आणि गिऱ्हाईक आले आहे. त्याला खाटकाच्या हाती देणे हा विश्वासघात नाही का? आणि तसे असेल तर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारायला मी कोणत्या तोंडाने पुढे येऊ?"

काही जण हसले. आम्हांला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आज त्याचाच विचार आपण करू या.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. एक असे की जनावर ते जनावर. देवाने ते माणसासाठीच दिले आहे, एवढा विचार कशाला? दुसरे असे की एवढे वाईट वाटते तर हा धंदा सोडून दे. पहिले उत्तर देणाऱ्याने पवित्र शास्त्र पुरते वाचलेले नाही. दुसरे उत्तर देणाऱ्याने त्या तरुणाच्या घरची चूल पाहिलेली नाही. शिवाय हे दुसरे उत्तर देणारे आपल्यातील पुष्कळजण नाताळाला, लग्नाला आणि बारशाला मटणाचे ताट आवडीने पुढे ओढतात. जो पाळतो त्याच्याच मनाला टोचावे आणि जो खातो त्याने मोकळे राहावे, हा कुठला न्याय?

पवित्र शास्त्र काय सांगते? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला सर्व प्राण्यांवर सत्ता देतो, हे आपण जाणतो. परंतु त्याच अध्यायात माणसाला अन्न म्हणून दिली आहेत ती धान्ये आणि फळे. मांस खाण्याची मोकळीक येते ती जलप्रलयानंतर, नोहाच्या वेळी, आणि तीही रक्ताविषयीच्या निर्बंधासह. म्हणजे ती मोकळीक खरी आहे, पण तिला मर्यादा आहे. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात ही मर्यादा वारंवार दिसते. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. गाय किंवा शेळी-मेंढी आणि तिचे पिल्लू एकाच दिवशी कापू नये. जनावर कापलेच जाणार आहे, हे या नियमांना ठाऊक आहे. तरीसुद्धा ते कापणाऱ्याचा हात क्षणभर थांबवतात. मारायची परवानगी म्हणजे निष्ठुर व्हायची परवानगी नव्हे, हे ते शिकवतात.

शेळ्या पाळणाऱ्या तरुणांनी याकोबाचे चरित्र जरूर वाचावे. तो आपला पूर्वज विश्वासाने जसा मोठा होता, तसा कळप वाढवण्यातही तरबेज होता. लाबानाकडे त्याने वीस वर्षे मेंढरे आणि शेळ्या राखल्या. दिवसा ऊन, रात्री थंडी आणि डोळ्याला डोळा नाही. श्वापदाने फाडलेल्या जनावराचे नुकसान त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. पण आम्हांला सर्वांत जास्त भावतो तो पुढचा प्रसंग. एसाव त्याला भेटतो आणि बरोबर चल म्हणतो. तेव्हा याकोब नम्रपणे नकार देतो. पाजत्या माद्या बरोबर आहेत; एक दिवस जरी दामटले तरी कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीने सावकाश येतो, असे तो सांगतो. ज्याच्या हाती सत्ता आहे तो येथे दुबळ्याच्या पावलाने चालतो. देवाने दिलेल्या सत्तेचा अर्थ याहून सोपा करून कोणी सांगेल असे वाटत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच वाटेने जाते. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की अन्न आणि वस्त्र यांसाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याबरोबर तो असेही बजावतो की माणसाच्या दुःखनिवारणाला जो पैसा आधी लागावा तो प्राण्यांवर उधळू नये, आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट केले की उत्पत्तीतील सत्ता म्हणजे मन मानेल तशी लूट नव्हे, तर राखण आणि निगा.

आता त्या तरुणाच्या शब्दाकडे वळू या. विश्वासघात केव्हा होतो? दिलेला शब्द मोडला की होतो. बोकडाला आपण दीर्घ आयुष्याचा शब्द दिलेला नसतो. परंतु दुसरा एक शब्द आपण न बोलता दिलेला असतो. करडू आपल्या इच्छेने जन्माला येते. कोणती शेळी, कोणता बोकड, कधी, हे आपण ठरवतो. म्हणून आपली जबाबदारी त्याच्या जन्माच्याही आधी सुरू होते. पाठ पुरती वाढलेली नसताना तिला घाईने गाभण घालवणे, किंवा बोकड वेळेवर न बदलता त्याच्याच लेकींवर सोडणे आणि मग अशक्त करडे पाहून नशिबाला दोष देणे, हे केवळ व्यवहारातले अज्ञान नाही. त्या शब्दाचा भंग तेथे होतो. करडू जन्मल्यावर तासाभरात त्याच्या पोटात चीक जाणे, गोठा कोरडा असणे, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचणे, खच्चीकरण लहान वयात आणि जाणत्या हाताने करून घेणे, आईचे सगळे दूध विकून पिल्लाला उपाशी न ठेवणे, हे त्या जिवाचे आपल्यावरचे देणे आहे. ते जो फेडतो त्याने विश्वासघात केला असे आम्ही म्हणणार नाही. जो फेडत नाही, त्याने जनावर विकले नाही तरी विश्वासघात केलेलाच आहे.

जाणती माणसे नव्या मुलांना सांगतात, "जनावराला जीव लावू नकोस, पुढे जड जाते." या सल्ल्यामागची माया आम्हांला समजते, पण तो सल्ला आम्हांला मान्य नाही. जीव लावल्याशिवाय जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला उठून अडलेल्या शेळीजवळ कोण बसेल? चांगली राखण आणि विकतानाचे दुःख एकाच मनातून येतात. एक ठेवून दुसरे काढून टाकता येत नाही. म्हणून ते दुःख म्हणजे पाप केल्याची खूण नव्हे. आपले मन अजून जिवंत असल्याची ती खूण आहे. मात्र त्या दुःखापायी बहिणीची फी थकली किंवा आईचे औषध राहिले, तर तेही बरोबर नाही. घरातल्या माणसांचे देणे आधी.

आणखी एक गोष्ट बाजाराची. घोडेगाव, लोणी किंवा काष्टी येथील जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जुनी रीत आपण ऐकून आहोत. भाव रुमालाखाली झाकला तर बिघडत नाही. सत्य झाकू नये. विक्रीच्या सकाळी मिठाचे पाणी पाजून वजन वाढवणे, गाभ टाकणारी शेळी काही न सांगता शेजाऱ्याच्या गळ्यात मारणे, कालच औषध टोचलेल्या जनावराचे दूध किंवा मांस लोकांच्या पोटात जाऊ देणे, ही सरळसरळ फसवणूक आहे. गाभ टाकण्याचा एक रोग माणसालाही होतो, हे आपण विसरू नये. मुक्या जिवावरचा अन्याय फिरून माणसापर्यंत येतोच.

शेजाऱ्याच्या शेताबद्दलही तेच. शेळी कोवळा शेंडा आधी खुडते. आपल्या नगर जिल्ह्यात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने पाणलोटाची मोठी कामे झाली, तेव्हा गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली म्हणूनच डोंगर हिरवे झाले. अशा बंदीचा पहिला भार पडतो तो भूमिहीन शेळीवाल्यावर. तेव्हा त्याने कुरण राखावे आणि ज्यांच्या विहिरींना त्यामुळे पाणी आले त्यांनी त्याच्या चाऱ्याची सोय पाहावी. राखण ही एकट्या गुराख्याची नसते, ती सगळ्या गावाची असते.

एवढे सर्व करूनही एक गोष्ट उरते. प्रभू येशूने स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हटले, आणि तो मेंढरांसाठी प्राण देतो. आपला व्यवहार याच्या उलट आहे. आपण कळपावर जगतो. कळप आपल्यासाठी मरतो. हे वाक्य कितीही गोड करून सांगितले तरी बदलत नाही, आणि बदलू नये. वेदीवर जो आपल्यासाठी अन्न झाला, त्याच्यासमोर उभे राहताना आपण दुसऱ्याच्या जिवावर जगतो हे आठवणे योग्यच आहे. म्हणून त्या तरुणाला आमचे सांगणे असे की बाबा रे, तू खुशाल पुढे ये. तुझा बोकड नीट वागवणाऱ्याच्या हाती दे, पाय बांधून गाडीत कोंबू देऊ नकोस, खरे बोल, आणि घरच्यांसाठी पैसे घे. वाईट वाटले तर वाटू दे.

आणि आपण बाकीचे? पुढच्या सणाला ताटावर बसताना आशीर्वादाची प्रार्थना घाईने उरकू नये. ज्याने ते जनावर रात्री जागून वाढवले त्याची आठवण करावी, त्याचा भाव पाडून घेऊ नये, आणि पानात घेतलेले टाकू नये.

उत्तम मेंढपाळ प्रभू येशू आपल्या तरुण शेळीपालकांना आणि त्यांच्या दावणीच्या मुक्या जिवांना सांभाळो.