शटर बंद असताना

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनतज्ज्ञ म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर तिथल्याच एका लहान कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागलो. डिझेलच्या वाहनांना लागणारे युरियाचे द्रावण तिथे तयार होई. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या ट्रकांना डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक टाकी आली. तिच्यातल्या द्रवाचे कागदावरचे नाव डीईएफ. चिल्हार फाट्यावर थांबणारे चालक त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असते. धुराच्या नळीतील उष्णतेने त्यातून अमोनिया सुटतो, आणि तो नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी करतो. या कामाविषयी मला आदर होता, आजही आहे.

हजार लिटर द्रावणाला सुमारे साडेतीनशे किलो युरिया लागतो, म्हणजे पन्नास किलोच्या सात गोण्या. युरिया विरघळताना पाणी थंडगार पडते, म्हणून ते तापवावे लागते. टाकीच्या तोंडाशी उभा राहून गोण्या ओतणारा हेल्पर जव्हारकडून आलेला तरुण होता, ठेकेदाराच्या हजेरीवरचा. एका जुलैमध्ये त्याने मला विचारले, “साहेब, भातात टाकतो तोच ना हा युरिया? मग इथे डोळे का झोंबतात?”

“खतच आहे ते. काही होत नाही,” मी म्हणालो.

पदार्थापुरते हे उत्तर बरोबर होते. युरिया विषारी पदार्थांत गणला जात नाही. हातावर सांडला तर पाण्याने धुऊन टाकावा, इतकेच. पण त्याने मला पदार्थाविषयी विचारलेच नव्हते. तो स्वतः उभा असलेल्या जागेविषयी विचारत होता, आणि त्या जागी मी कधी दहा मिनिटेही थांबलो नव्हतो. शेतात युरिया मोकळ्या हवेत मूठमूठ पडतो. शेडमध्ये तो गोणीगोणीने पडतो, त्याची धूळ चेहऱ्याच्या उंचीवर उठते, आणि वाफेची नळी जिथे द्रावणाला चटका देते तिथे थोडा युरिया फुटून अमोनिया वर येतो. इकडे बोईसरला पाऊस आडवा लागला की माल भिजू नये म्हणून शटर खाली ओढले जाते. अमोनिया हवेहून हलका असतो. तो छताखाली साचतो. आमचा पंखा मात्र भिंतीत कमरेच्या उंचीवर बसवलेला होता.

महिनाभराने मी त्याला पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आता वास येत नाही, सवय झाली.” रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला या वाक्यानंतर झोप लागू नये. अमोनियाच्या वासाला नाक लवकर सरावते. घसा आणि फुप्फुसे त्या सवयीने सुरक्षित होत नाहीत.

मग मी मोजायचे ठरवले. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात हवेतील रसायनांच्या मर्यादांचे परिशिष्ट घालण्यात आले. अमोनियाला आठ तासांच्या सरासरीने दशलक्ष भागांत २५ भाग, आणि पंधरा मिनिटांसाठी ३५. हे ३५ सुद्धा दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नव्हे, आणि दोन वेळांमध्ये किमान एक तासाचे अंतर ठेवून. हे बारीक अक्षर मी अनेकदा वाचले होते. त्यात एक माणूस गृहीत धरलेला आहे, हे तेव्हा प्रथम जाणवले. तो आठ तास काम करतो, घरी जातो, आणि उरलेल्या वेळात त्याचे शरीर सावरते. आमचा हेल्पर बारा तासांची पाळी करत होता आणि एक टाकी भरली की लगेच दुसरी लावत होता.

दुपारी, शटर उघडे असताना, मोजणीच्या काचनळीतला रंग मर्यादेच्या आत थांबला. रात्रपाळीला, शटर बंद असताना, टाकीच्या तोंडाशी तो ३५ च्या पुढे गेला.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट दिसली. द्रावण भरून घ्यायला आलेला टँकर शेडच्या आतच इंजिन सुरू ठेवून उभा होता. आम्ही सगळे पांढऱ्या गोणीकडे पाहत होतो, आणि काळा धूर आमच्या पाठीशी होता. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. १९८८ पासून तो धूर ‘बहुधा’ या शब्दाखाली होता. या निर्णयामागच्या पुराव्यात अमेरिकेतील आठ खाणींच्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास महत्त्वाचा ठरला. १९९२ साली सुरू झालेला तो अभ्यास प्रसिद्ध व्हायला वीस वर्षे लागली. विज्ञानाला घाई करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण तोवर ज्यांनी श्वास घेतला त्यांचे दिवस त्या वीस वर्षांतच खर्ची पडले. ‘पुरावा नाही’ आणि ‘धोका नाही’ या दोन वाक्यांमधले अंतर मी आयुष्यभर प्रयोगशाळेत पाळले, आणि एका मुलाला उत्तर देताना विसरलो.

पंखा वर गेला. टँकरचे इंजिन बाहेरच बंद करण्याचा नियम झाला. गोणी ओतणाऱ्याला गॉगल आणि मुखपट्टी मिळाली. यातल्या कशालाही फार खर्च आला नाही. हे होईपर्यंत भाताची कापणी लागली होती आणि तो मुलगा गावी गेला होता. पुढच्या हंगामात ठेकेदाराने दुसरी माणसे आणली. त्या मुलाला मी दिलेले उत्तर दुरुस्त करायचे राहून गेले.

पालघर, बोईसर, वसई, कुठेही ज्यांच्या हाती असे शेड आहे, त्यांना माझी विनंती आहे. तपासणीचा अहवाल बहुधा दिवसा, दारे उघडी असताना घेतलेला असतो. येत्या जुलैमध्ये एकदा रात्रपाळीला जावे, शटर बंद असताना टाकीजवळ उभे राहावे, आणि गोणी ओतणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर मोजणी करावी.