शास्त्रीय कारणे द्या

गप्प बसा सगळे. जेवण नंतर होईल. मघापासून ऐकते आहे मी. दहावीला तुमच्याकडून 'शास्त्रीय कारणे द्या' हा प्रश्न वह्याच्या वह्या भरून लिहून घेतला. आज तुमच्याच वर्गातल्या मुलाला स्किझोफ्रेनिया झालाय म्हटल्यावर तुम्ही कारणं कोणती दिलीत? अभ्यास फार केला. लग्न वेळेवर झालं नाही. आईने लाडावून ठेवला. एकाने तर 'बाहेरचं काहीतरी असेल' म्हणून हात झटकले. तुमच्यात इंजिनिअर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. लाज वाटली मला.

आधी आईचं बोलू, कारण तो आरोप सगळ्यात निर्दयी आहे. १९४८ साली अमेरिकेत फ्रिडा फ्रॉम-राइखमान या नामांकित मनोविकारतज्ज्ञांनीही आईच्याच वागण्याकडे बोट दाखवलं होतं आणि तिकडच्या कितीतरी आया तो दोष माथ्यावर घेऊन जगल्या. पुढे लेनर्ड हेस्टन या डॉक्टरांनी, हा आजार असलेल्या आयांपासून जन्मानंतर तीन दिवसांच्या आत दूर नेलेली ४७ मुलं मोठेपणी शोधून काढली. त्यांचे निष्कर्ष १९६६ साली आले. पाच जणांना स्किझोफ्रेनिया झालेला होता. निरोगी आयांपासून तशाच दूर वाढलेल्या ५० जणांत एकालाही नव्हता. आता डोकं चालवा. ती पाच मुलं आईजवळ वाढलीच नव्हती, मग लाडाने बिघडली कशी? आणि उरलेल्या ४२ जणांना का झाला नाही? म्हणजे जन्माबरोबर काहीतरी येतं, पण तेवढ्यावर आजार ठरत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता फार तर निम्मी.

अंधेरीचा सबवे कशाने तुंबतो, सांगा. पावसाने? भरतीने? नाल्यातल्या गाळाने? की ती जागाच सखल आहे म्हणून? एकच कारण निवडा म्हटलं तर तुम्हीच मला वेड्यात काढाल. इथेही तसंच. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, जन्माच्या वेळची गुंतागुंत, बालपणी सोसलेला छळ, कोवळ्या वयातला गांजा, असं बरंच काही एकत्र येतं. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचं काम बिघडतं. १९५२ पासून वापरात आलेली औषधं प्रामुख्याने तिथेच काम करतात.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर तुम्ही कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केलीत. हा आजार बहुधा सतरा-अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत डोकं वर काढतो. कॉलेज, परीक्षा, पहिली नोकरी, सगळं त्याच वयात. अंघोळ टाळणं, मित्रांना टाळणं, रात्ररात्र जागणं, 'लोक माझ्यावर नजर ठेवतात' म्हणणं, हे सगळं तेव्हाच सुरू होतं. मार्क घसरले म्हणून तो आजारी पडला नाही. आजार सुरू झाला होता म्हणून मार्क घसरले. लग्नाचंही तेच. आणि 'लग्न लावून द्या, सुधारेल' असं म्हणणाऱ्याने होणाऱ्या नवरीच्या बापाच्या जागी स्वतःला उभं करून पाहावं.

'बाहेरचं' म्हणणाऱ्या, तू उभा राहा. अंगात भूत आहे म्हणून माणसाला मारहाण करणं, त्याला उपचारापासून अडवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तू मारलं नाहीस, मान्य. पण तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या तोंडचं असं एक वाक्य घरच्यांना आणखी सहा महिने गंडेदोऱ्यांत घालवायला लावतं. उपचाराला जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड. त्या सहा महिन्यांत तुझाही वाटा असतो.

हे अज्ञान तरी तुम्हाला बोरिवलीत राहून शोभत नाही. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू केली, ती आपल्या याच भागातून. रस्त्यावर गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. त्याच्यावर उपचार केले तेव्हा कळलं, तो विज्ञानाचा पदवीधर आहे. तुमच्यासारखाच. रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरं करून संस्थेने घरी पोचवलं, पुढे कर्जतला केंद्र उभारलं. २०१८ साली डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फलाटावर पुटपुटत बसलेल्या माणसाला वळसा घालून रोज लोकल पकडता ना? त्यालाही घर होतं, शाळा होती, वर्गमित्र होते.

तुमचा वर्गमित्र अजून रस्त्यावर आलेला नाही. त्याची आई आहे, म्हणून. तिचं वय सत्तरीच्या पुढे आहे.

तर ऐका. तो गोराईला राहतो, आणि तिकडे जाणारे तुमच्यात पाच-सहा जण आहेत. दोघांनी रविवारी त्याच्या घरी जायचं. कारण विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. क्रिकेटच्या गप्पा मारा. त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत म्हणून वाद घालू नका, त्याची चेष्टाही नको. त्याला कूपर रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवायला एकटी आई नेते. पुढच्या वेळी कोणीतरी रजा काढून बरोबर जा. औषध परस्पर बंद झालं तर डॉक्टरांना लगेच कळवा. १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये घाला, रात्री-अपरात्री लागतो.

कोण जाणार ते आत्ता सांगा. नावं मी लिहून घेते.