प्रतीची साक्ष

दुर्मीळ ग्रंथांचे संग्राहक दोन प्रकारच्या प्रतींना विशेष मोल देतात : पहिल्या आवृत्तीची प्रत आणि एखाद्या नामवंत व्यक्तीच्या संग्रही राहिलेली प्रत. केवळ वाचनासाठी यांपैकी कशाचीच गरज नसते. तोच मजकूर नव्या पुस्तकात स्वच्छ आणि स्वस्त मिळतो. तरीही अशा प्रतींसाठी मोठ्या रकमा मोजल्या जातात. त्यामागे हौस आणि प्रतिष्ठा असतेच. पण या प्रतींचे टिकाऊ मोल त्या देतात त्या पुराव्यात आहे. ग्रंथ जगापुढे प्रथम कोणत्या रूपात आला, हे पहिली आवृत्ती सांगते. तो कसा वाचला गेला, हे मालकाची प्रत सांगते.

डार्विनच्या ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची पहिली आवृत्ती लंडनच्या जॉन मरे यांनी नोव्हेंबर १८५९ मध्ये काढली. तिच्या १,२५० प्रती छापल्या होत्या. त्यानंतर डार्विन मजकुरावरून सतत हात फिरवत राहिला. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथाच्या अखेरच्या वाक्यात निर्मात्याचा उल्लेख आला. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा हर्बर्ट स्पेन्सरचा शब्दप्रयोग १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत दाखल झाला. १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आक्षेपांना उत्तरे देणारे आणखी एक प्रकरण वाढले. साहजिकच, १८५९ च्या वाचकापुढे नेमका कोणता विचार ठेवला गेला होता, हे पाहायचे तर पहिल्या आवृत्तीकडेच जावे लागते.

पहिली आवृत्ती ओळखणे हे कसबाचे काम आहे. शीर्षकपानावरचे साल पुरेसे ठरत नाही. संग्राहक छपाईतल्या खुणा तपासतात. डार्विनच्या या ग्रंथात विसाव्या पानावर ‘स्पीशीज’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एक अक्षर जादा पडून चुकले आहे. ती चूक पहिल्या आवृत्तीची ओळख ठरली. कागद, खिळे आणि बांधणीही बोलतात. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिच्या सुनीतांची ‘रीडिंग, १८४७’ असा निर्देश असलेली पुस्तिका अनेक वर्षे सर्वांत आधीची छपाई म्हणून विकली जात होती. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले, की तिच्या कागदात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा आहे आणि तसा कागद १८४७ मध्ये बनतच नव्हता. अशा अनेक बनावट पुस्तिकांचा माग थॉमस वाइज या त्या काळच्या प्रतिष्ठित ग्रंथसूचिकारापर्यंत पोहोचला.

मालकीच्या खुणा नाना प्रकारच्या असतात : स्वाक्षरी, नावाची चिठ्ठी, भेट देताना लिहिलेला मजकूर, समासातील टिपा. केवळ नाव असलेल्या प्रतीपेक्षा मालकाने वापरलेली प्रत अधिक सांगते, आणि कधी कधी न वापरलेली प्रतही तितकीच बोलकी असते. कार्ल मार्क्सने १८७३ मध्ये ‘दास कापिटाल’च्या दुसऱ्या जर्मन आवृत्तीची प्रत स्वहस्ते मजकूर लिहून डार्विनला भेट पाठवली. त्या काळी पुस्तके कडा न कापता विकली जात आणि वाचक सुरीने पाने सोडवत पुढे जाई. डार्विनच्या या प्रतीत ८२२ पानांपैकी पहिली १०५ पानेच कापलेली आहेत. त्यापुढे डार्विन गेला नाही, याची साक्ष ती न कापलेली पाने देतात.

पहिली आवृत्ती आणि मोठा मालक यांचा दुर्मीळ योग गोव्यात छापलेल्या एका ग्रंथाच्या वाट्याला आला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने हिंदुस्थानातील वनस्पती व औषधी द्रव्ये यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात निघाला. छपाईच्या चुकांनी तो भरलेला आहे. कवी कामोंइशची छापली गेलेली पहिली कविताही त्यातच आहे. पुढच्याच वर्षी स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासास निघालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसला त्याची प्रत मिळाली. संवादाची मांडणी काढून त्याने केलेला लॅटिन संक्षेप १५६७ मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध झाला आणि युरोपला ओर्ता मुख्यतः त्यातूनच माहीत झाला. क्लूसियसच्या टिपा असलेली ती प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. गोव्यातील ज्ञान युरोपात जाताना वाटेत कसे बदलले, हे तपासायला तिच्याइतका थेट पुरावा नाही.

अनेक प्रती एकत्र अभ्यासल्या, की एका ग्रंथाच्या वाचनाचा इतिहासच उभा राहतो. कोपर्निकसचा १५४३ चा ग्रंथ कोणी वाचलाच नाही, असे आर्थर कोस्लरने लिहिले होते. खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंगरिच याने सुमारे तीस वर्षे खपून पहिल्या दोन आवृत्त्यांच्या जवळजवळ सहाशे प्रती तपासल्या. समासांतील टिपांवरून दिसले, की त्या काळातले उत्तम खगोलशास्त्रज्ञ तो ग्रंथ बारकाईने वाचत होते आणि गुरूच्या टिपा शिष्य आपल्या प्रतींत उतरवून घेत होते.

असा पुरावा नष्ट व्हायला वेळ लागत नाही. गणितज्ञ फर्माने डायोफँटसच्या ग्रंथाच्या ज्या प्रतीच्या समासात आपला प्रसिद्ध सिद्धांत नोंदवला, ती हरवली. मुलाने १६७० मध्ये टिपा छापल्या म्हणूनच त्या उरल्या. फादर स्टीफन्सच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, काव्य तगले ते हस्तलिखितांमुळे. बांधणी करणाऱ्यांनी समास छाटले, विक्रेत्यांनी पाने धुऊन जुनी नावे पुसली, त्यातही असेच बरेच गेले.

म्हणून संग्राहकाची जबाबदारी खरेदीवर संपत नाही. मूळ बांधणी व टिपा न हलवणे, प्रत कोणाकोणाच्या हातून आली याची नोंद ठेवणे, अभ्यासकांना ती पाहू देणे आणि शेवटी ती सुरक्षित ग्रंथालयात पोहोचेल अशी तजवीज करणे, ही त्याची कर्तव्ये आहेत. ती पार पडली, तर खासगी हौसेतून जमलेला संग्रह समाजाच्या ज्ञानसंपत्तीचा भाग होतो.