पूतिका, दूर्वा आणि सॅक्सोफोनची रीड

महडच्या वरदविनायकाला वाहतात त्या दूर्वा आणि मिरवणुकीत वाजणाऱ्या सॅक्सोफोनची रीड, दोन्ही गवताच्याच कुळातल्या. दूर्वा महडच्या खालापूर तालुक्यात कुठल्याही बांधावर सापडते. रीडचं गवत मात्र बोरूसारखं उंच वाढणारं, अरुंडो डोनॅक्स नावाचं, आणि त्याची नावाजलेली प्रत येते फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या व्हार भागातून. ते कापतात, उन्हात वाळवतात, मुरवतात, मग त्याची पट्टी तासतात. अडोल्फ साक्सने १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेलं ते पितळी धूड या पट्टीच्या थरथरण्यावरच बोलतं.

आता दोन्हींना प्लास्टिकचा पर्याय आहे. पूजासाहित्याच्या दुकानात प्लास्टिकच्या दूर्वांचा हार टांगलेला असतो. वाद्यांच्या दुकानात कृत्रिम रीड मिळते. कॅनडातली लेजेर कंपनी १९९८ पासून पॉलिप्रोपिलीनच्या रीडा बनवते. गवताची रीड ओठांत भिजवून घ्यावी लागते, दमट हवेत फुगते, वाकते, कधी बुरसते, आणि खालापूरच्या पावसाळ्यात हवा दमट नसते कधी? प्लास्टिकची रीड पेटीतून काढली की वाजते. महाग पडते, पण टिकते. स्वराचा गाभा मात्र गवताचाच, असं म्हणणारे वादकही कमी नाहीत.

पण देवापुढे वाजवायचं असेल तर? सोय आणि स्वर यांच्यापलीकडचा प्रश्न इथे येतो: नेमलेल्या वस्तूऐवजी दुसरी वापरली, तर केलेलं कर्म तेच राहतं का?

यज्ञ करणाऱ्यांना हा प्रश्न फार आधी पडला होता. सोमवल्ली मिळेनाशी झाली, तेव्हा तिच्या जागी पूतिका ही वनस्पती चालेल, असं ताण्ड्य ब्राह्मणाने सांगून ठेवलं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद बराचसा याच चर्चेला दिला आहे, आणि तिथली काटेकोर बुद्धी आजच्या ग्राहकालाही उपयोगी पडावी अशी आहे. नित्यकर्म वस्तूअभावी सोडायचं नाही, पर्याय घ्यायचा. पर्याय मूळ वस्तूसारखा हवा, म्हणून साळीच्या जागी निवार, म्हणजे रानटी भात. पूतिकाही मिळाली नाही, तर पूतिकेसारखं काही शोधायचं नाही, पुन्हा सोमासारखंच शोधायचं. नकलेची नक्कल करत गेलं तर मूळ दूर दूर जातं, हे त्या याज्ञिकांनी ओळखलं होतं. रीडवाल्यांचा व्यवहारही याच वाटेने चालतो: कृत्रिम रीड कितीही सुधारली, तरी तिची परीक्षा आधीच्या प्लास्टिकशी होत नाही, गवताशी होते.

मात्र चार गोष्टींना जैमिनी पर्याय देत नाही: देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया.

महडला हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो आहे असं सांगतात. या काळात त्यात किती तेल ओतलं गेलं, किती वाती बदलल्या, याची फिकीर कोणी करत नाही. पण ज्योतीच्या जागी विजेचा दिवा बसवा म्हटलं, तर भाविक ऐकून घेणार नाहीत. हा काही यज्ञातला श्रौत अग्नी नव्हे, हे खरं. तरी भाविकाचा कल मीमांसकाच्या बाजूचाच आहे.

या मापाने रीड सुटते. ती द्रव्य आहे, तीही स्वरासाठी. फुंकणारा माणूस आणि त्याची क्रिया जागेवर असतात. प्लास्टिकच्या दूर्वांना ही पळवाट नाही, कारण तिथे दूर्वाच वाहायची असते. ती नसेल तर अक्षता वाहाव्यात. दागिना किंवा वस्त्र नसलं की घरोघर अक्षताच वाहतात. आणि वीज लावली की नगारा, झांज, घंटा आपोआप बडवणारं आरतीचं यंत्र? त्यात चामडं अस्सल घातलं तरी क्रियाच गेलेली असते. सगळी चर्चा रीडभोवती आणि सगळी सूट यंत्राला, हा उलटा न्याय देवळादेवळांत दिसतो.

कृत्रिम म्हणजे परकं, असं म्हणायची सोय तर या पट्ट्यात नाहीच. पाताळगंगेकाठी रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना १९८२ च्या सुमारास सुरू झाला, आणि रेशमी सोवळ्याच्या जागी कृत्रिम धाग्याचं सोवळं नेसून पूजा सांगणारे भटजी सर्रास भेटतात. त्याहून जुना दाखला राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी लाकडी बांधणीचे आकार दगडात कोरले. द्रव्य पार बदललं, घाट लाकडाचाच राहिला.

मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी तर अख्खं वाद्यच बदललं. वडील नागस्वरम वाजवणारे. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो कर्नाटक संगीताच्या गमकांना वळवला. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जैमिनीची आणखी एक अट वादकांना टोचेल. मूळ वस्तू हाती आली, की पर्याय ठेवून ती घ्यायची. महडला भाद्रपदातली चतुर्थी पावसात येते आणि माघातली कोरड्या थंडीत. भाद्रपदात प्लास्टिकच्या रीडला कोणी नावं ठेवू नयेत. माघात मात्र गवताची चांगली रीड पेटीत असताना प्लास्टिकची ओठाला लावणाऱ्याने सोयीखेरीज दुसरं कारण सांगायला हवं.